वैऱ्याच्या थोबाडीत

प्रश्न : आमच्या शेजारच्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, काकू गेल्या, तेव्हा त्यांच्या घरी तेहिल्लीम, म्हणजे स्तोत्रं, म्हणायला माणसं जमत. म्हणून मी मराठी बायबलमधली स्तोत्रसंहिता वाचायला घेतली आणि तिसऱ्याच स्तोत्रावर अडले. मथळा सांगतो की, पोटचा मुलगा अबशालोम याच्यापासून पळताना दावीद राजाने हे रचलं. तो आधी गाऱ्हाणं मांडतो, मग म्हणतो की मी झोपलो आणि उठलो, आणि शेवटी देवाला म्हणतो की तू माझ्या वैऱ्यांच्या थोबाडीत मारलीस, दुष्टांचे दात पाडलेस. मुलगा जिवावर उठलेला आणि बापाचं हे गाणं! याला प्रार्थना कसं म्हणायचं?

उत्तर : ताई, तुमच्यासारखेच आमचे रब्बी, म्हणजे धर्मगुरूही, इथे अडले होते. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, बेराखोथ नावाच्या भागात, हाच प्रश्न आहे. मथळ्यात ‘मिझमोर’ म्हणजे गाणं असा शब्द का? ‘किना’ म्हणजे विलाप असायला नको का? त्यावर उत्तर दिलंय सावकारी भाषेत. कर्जाचा रोखा डोक्यावर असेपर्यंत माणूस उदास असतो, फेडला की सुटल्यासारखं वाटतं. दावीदाला देवाने आधीच सांगितलेलं होतं की तुझ्याच घरातून तुझ्यावर संकट उठेल. कोण उठणार, या धास्तीत तो होता. कोणी निर्दय परका निघाला तर? निघाला मुलगा. मुलाला बापाची दया येते, म्हणून त्याला हायसं वाटलं आणि तो गायला.

खरं सांगू? मला हे उत्तर कधी पटलं नाही. अबशालोमने कुठे दया दाखवली? दया आली ती बापाला. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात पाहा. लढाईला निघालेल्या सरदारांना दावीद सांगतो, माझ्यासाठी त्या पोराला सांभाळून घ्या. त्यांनी सांभाळलं नाही. मुलगा मेल्याची बातमी आली तेव्हा हाच दावीद वेशीवरच्या खोलीत जाऊन ‘माझ्या मुला, माझ्या मुला’ करत रडला, इतका की जिंकून आलेलं सैन्य चोरासारखं मान खाली घालून गावात शिरलं. आता तुमचे ते दात पुन्हा बघा. दात पाडायची भाषा तो देवापाशी बोलला. ज्यांच्या हातात तलवारी होत्या, त्यांना त्याने ‘सांभाळून घ्या’ एवढंच सांगितलं. उलटं झालं असतं तर? देवापुढे गोड बोलणारी आणि बाहेर दात पाडणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत.

घरचंच सांगते. रेवदंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरावरून माझ्या दिरांनी कोर्टाची नोटीस पाठवली. संध्याकाळी पाकीट फोडलं आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून जे काही बोलले ते इथे छापता येणार नाही. ‘हात झडो’ हे त्यातलं सौम्य. आमचे हे एक अक्षर बोलले नाहीत. रात्री उशीखालचं पुस्तक काढलं. त्यांच्या वडिलांची वही होती ती, हिब्रू उच्चार देवनागरीत लिहिलेले, शब्बाथच्या, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या, दिव्यातल्या खोबरेल तेलाचा डाग पडून मधली दोन पानं काचेसारखी झालेली. त्यातून 91वं आणि मग हे 3रं म्हटलं. निजताना ही दोन म्हणायची रीत फार जुनी. एक रब्बी हीच म्हणून झोपत, अशी नोंद तालमूदमध्येही आहे. दातांची ओळ त्यांनी जरा जोरात म्हटली, असं मला वाटलं. पुस्तक मिटलं आणि पाच मिनिटांत घोरायला लागले! मी पहाटेपर्यंत टक्क जागी. नोटिशीपेक्षा त्या घोरण्याचाच मला जास्त राग आला.

दीड महिन्याने रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, आला. नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा मी घोटत बसले होते. ज्यांनी घोटलाय त्यांना माहीत आहे, त्याने खांदे कसे भरून येतात. थापून झाल्यावर हे आले, सुरी घेतली आणि बरोबर अर्धं ताट कापून डब्यात भरलं. कोणासाठी ते विचारायची गरज नव्हती. कोर्टाची तारीख त्यांनी सोडली नाही आणि हलवाही पाठवला.

तुमच्या प्रश्नाला धरून आणखी एक गोष्ट, कारण ती मला फार आवडते. रब्बी मेयर यांना आळीतले गुंड छळत होते. ते मरोत, अशी प्रार्थना ते करू लागले आणि आधाराला 104व्या स्तोत्राची शेवटची ओळ घेतली, ‘पृथ्वीवरून पापी नाहीसे होवोत’. बायको बेरुर्या म्हणाली, नीट वाचा, पापी नाही, पापं नाहीशी होवोत. त्यांनी गुंडांच्या सुधारणेसाठी प्रार्थना केली आणि गुंड सुधारले. मी सव्वीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं, त्यामुळे सांगते, बेरुर्याची बाजू व्याकरणात जरा लंगडी आहे. पण मी तिलाच गुण दिले असते.

आणि हो, वचनांचे आकडे जुळवताना गोंधळू नका. हिब्रू प्रतीत मथळाही मोजतात, म्हणून हे स्तोत्र तुमच्याकडे 8 वचनांचं आणि आमच्याकडे 9 वचनांचं.

प्रश्न : 88वं स्तोत्र वाचून रात्रभर अस्वस्थ होते. बाकीची बहुतेक गाऱ्हाणी शेवटी देवाचे आभार मानतात किंवा त्याच्यावर भरवसा ठेवतात. हे तसंच सोडून दिलंय. पान हरवलं आहे का?

उत्तर : नाही, एवढंच आहे. शेवटचा शब्द ‘मख्शाख’, म्हणजे अंधार. 150 स्तोत्रं एकत्र बांधणाऱ्यांना त्याला एखादी गोड ओळ जोडणं काही अवघड नव्हतं. जोडली नाही, यासाठी मी त्यांची आभारी आहे. हे गेले त्या वर्षी 23वं आणि 121वं म्हणून धीर द्यायला पुष्कळजणं आली. 88वं मी एकटीच वाचत होते, दुपारी, दार लावून.

प्रश्न : माझी आई रुग्णालयात आहे. आम्ही ज्यू नाही. मी कोणतं म्हणू?

उत्तर : आमच्याकडे बरेचजण 119वं घेतात. हिब्रूच्या 22 अक्षरांसाठी प्रत्येकी 8 ओळी आहेत. आजाऱ्याच्या नावातल्या अक्षरांच्या ओळी निवडून म्हणतात. नावही आईकडून घेतात, अमकीचा मुलगा, तमकीची मुलगी. तेव्हा तुमच्या आजीचं नाव आठवून ठेवा. अक्षरांच्या भानगडीत पडायचं नसेल तर 13वं म्हणा. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनांतच चार वेळा विचारलंय, कुठवर? लिफ्टची वाट बघतानाही म्हणून होतं. तुम्ही ज्यू नसल्याने काही अडत नाही.