शहरातून गावात कायमचं राहायला जायचं तर घरात काय काय तयारी ठेवावी?

तुमचा प्रश्न वाचला भाऊ. नोकरी घरून करता येते म्हणून होळी झाली की बायको, 5 वर्षाचं पोरगं आणि आईवडील घेऊन पुण्याहून अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडच्या गावात राहायला जाताय, आणि विचारलंय की इन्व्हर्टर, आरओ, 6 महिन्याचा किराणा आणि फर्स्ट एड बॉक्स एवढं लिस्टमधे आहे, अजून काय घेऊन ठेवू. मी त्याच पट्ट्यातली, लग्न होऊन आले त्याला 19 वर्ष झाले, म्हणून लिहायला बसली. लिस्ट चुकीची नाही पण त्यातल्या अर्ध्या गोष्टी लाईनवर (विजेवर) चालतात आणि आमच्याकडे कोणतंही संकट आलं की सगळ्यात पहिले लाईनच जाते, म्हणून घरातल्या प्रत्येक कामाला लाईनशिवायचा एक रस्ता ठेवा, आणि तो रस्ता रोजच्या वापरात ठेवा, नाहीतर वेळेवर त्याच्यात मुंग्या नाहीतर गंज सापडते.

हे मला कसं कळलं ते सांगते. चारपाच वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला वादळ आलं, पांधणीवरचे बाभळीचे झाडं तारांवर पडले आणि डीपी (गावाचं ट्रान्सफॉर्मर) जळाली, आणि डीपी जळाली म्हणजे चार दिवस धरूनच चालायचं. पहिल्या रात्री आम्ही आरामात होतो, इन्व्हर्टर होतं ना, दोन पंखे, टीव्ही, सगळ्यांचे मोबाईल चार्जिंगला, रात्री दोन वाजता ते टीं टीं करून बंद पडलं. सकाळी पोरांनी नेहमीसारख्या आंघोळी केल्या, मी कपडे धुतले, आणि दहा वाजता नळ फुसफुस करायला लागला तेव्हा डोक्यात उजेड पडला की वरची टाकी रिकामी झाली आणि मोटर चालणार नाही. आरओ तर भिंतीवर शोभेला. मग हातपंपावरून दोन गुंड (हंडे) पाणी आणलं, पण तुम्हाला माहीतच असेल, आपला खारपाणपट्टा आहे, जमिनीतलं पाणी खारं. त्या पाण्यात तुरीची डाळ दीड तास चुलीवर ठेवली तरी दाताखाली येत होती, आणि चहा टाकला तर दूध फाटलं. हातातली बॅटरी (टॉर्च) शोधली तर आतमधे सेल फुटून पांढरा भुगा झालेला. मी डोकं धरून ओट्यावर बसले तर आत्याबाई (सासूबाई) म्हणे, "टाकीच्या भरवशावर कायले राहता वं, सपरीतला रांजन पाय आधी." त्या दरवर्षी पहिला पाऊस सोडून दिला की पत्र्याचं पाणी कापडातून गाळून रांजण भरायच्या आणि आम्ही हसायचो. त्या रांजणावर आणि दोन माठांवर सहा माणसं चार दिवस पाणी प्यायले.

तर पहिले पाणी. आरओ घ्या, नाही म्हणत नाही, पण साधारण घरगुती मशीन 2000 टीडीएसपर्यंतच्या (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) पाण्यासाठी राहते, त्यावरच्या पाण्यात मेम्ब्रेन (आतली गाळणी) लवकर जाते, म्हणून आधी बोअरचं पाणी तपासून घ्या आणि मगच पैसे टाका. त्यापेक्षा छताकडे पहा. हिशोब एकदम सोपा आहे, 1 चौरस मीटर छतावर 1 मिमी पाऊस पडला की 1 लिटर पाणी. तुमच्या ओसरीवर 25 बाय 12 फुटाचे टिनपत्रे आहेत असं धरा, म्हणजे जवळपास 28 चौरस मीटर, आणि पावसाळ्यात 700 मिमी जरी पडला तरी 19-20 हजार लिटर होते, त्यातलं सांडलं उडालं सोडून 15 हजार तरी हातात येते. पाच माणसाला पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला 25 लिटर धरा, 5000 लिटरची टाकी सप्टेंबर संपताना काठोकाठ भरून ठेवली तर 200 दिवस जाते, म्हणजे एप्रिल अर्धा निघते आणि तोपर्यंत नळाच्या भरवशावर राहायचं काम नाही. हे पाणी पावसाचंच असल्यामुळे गोडं, डाळ अशी शिजते की बस.

फक्त टाकीत उजेड आणि मच्छर दोन्ही जाऊ द्यायचे नाही. आत उजेड गेला की शेवाळ धरते, आणि झाकणाला बोटभर फट राहिली तरी मच्छर अंडी घालतात, आमच्या गल्लीत एकाच्या टाकीतून सगळ्यांना डेंग्यू वाटला गेला होता. पहिले दोन मोठे पाऊस बाहेर सोडून द्या, छतावरची धूळ, चिमण्यांची घाण सगळी त्यात येते. ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर राहते ती मागून घ्या, 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम, आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसला की वरचं पाणी टाकीत, आणि अर्धा तास थांबून मगच प्यायचं. लेकराला आणि म्हाताऱ्यांना तरीही उकळूनच द्या. टीसीएलचा डब्बा उघडा ठेवला तर त्याचा जोर उडून जाते हे पण लक्षात ठेवा, दोन वर्ष जुनी पावडर टाकून मनाचं समाधान करून घेणारे लोक मी पाहिले आहेत.

इन्व्हर्टरचं एवढंच सांगते की 150 एएचची एक बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास, हातात हजार बाराशेच येतात, त्यावर 1 एचपीची मोटर चालवायचा विचार करू नका. वायफाय, लॅपटॉप, दोन लाईट आणि एक पंखा एवढंच त्यावर टाका, कमी वॅटवाले बीएलडीसी पंखे घ्या, आणि दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर पहा, आमच्यासारखे रांजणातलं पाणी टाकू नका (हे आमच्या ह्यांनी केलं होतं, बॅटरी सहा महिन्यात बसली आणि दोष दुकानदाराला दिला). मोबाईलचं टॉवर पण लाईन गेल्यावर काही तासात मान टाकते, म्हणून ऑफिसला आधीच सांगून ठेवा. आणि महत्त्वाचे नंबर कॅलेंडरच्या बाजूला भिंतीवर पेनाने लिहा, अॅम्ब्युलन्सचा 108, पोलीस वगैरे तातडीसाठी 112, गॅस लीकसाठी 1906, आशाताईचा (गावातली आशा सेविका), लाईनमनचा. मोबाईल बंद पडला की नंबर पण बंद पडतात, शेजाऱ्याच्या मोबाईलवरून लावायला आधी पाठ तर पाहिजे.

आता धान्य. 6 महिन्याचा किराणा दुकानातून आणून पॅकेटात ठेवणार असाल तर आमच्या उन्हाळ्यात जाळ्या पडतील, पहिल्या पावसात सोंडे (सोंडकिडे) पडतील. गहू, तूर, हरभरा हे मार्च एप्रिलमधे कास्तकाराकडून सरळ घ्या, दोनतीन कडक उन्हं द्या, आणि दाताखाली दाणा धरून पहा, कट्ट वाजला पाहिजे, नुसता दबला तर अजून एक ऊन. सगळ्यात मोठी चूक लोक इथं करतात, उन्हातून उचललेलं गरम धान्य तसंच कोठीत ओततात, मग आत घाम येते आणि तळाला बुरशी. रात्रभर घरात पसरून थंड होऊ द्यायचं, सकाळी कोरड्या कोठीत भरायचं, मधे मधे कडूनिंबाचा वाळलेला पाला. डाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा, अगदी थोडा, तळहात ओला होण्याइतका. आणि वर कागदावर तारीख लिहून चिटकवायची, नवीन खाली जुनं वर, जुनं आधी खायचं. साठवण साठवण म्हणून लोक भरून ठेवतात आणि खातात मात्र रोज दुकानातून आणून, ते धान्य शेवटी कोंबड्यांना जाते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते, धान्यात टाकायच्या सल्फासच्या (कीडनाशक) गोळ्या घरात आणू नका. एका दुकानातून कोणीतरी "एक गोळी फडक्यात बांधून टाका, वर्षभर कीड नाही" म्हणून दिल्या आणि आमच्या घरात पण एका वर्षी कोठीत पडल्या, ती कोठी कुठं तर लेकरं झोपतात त्या खोलीत. माझा भाऊ कृषीचा शिकलेला, तो पाहुणा आला होता, झाकण उघडताच त्याला सडलेल्या मासळीसारखा लसणासारखा वास आला, त्याने सगळ्यांना अंगणात काढलं, खिडक्या उघडल्या आणि दिवसभर कोणाला आत जाऊ दिलं नाही. हवेतल्या ओलीने त्या गोळीचा फॉस्फिन गॅस होते, त्यावर उताराच नाही. मला तेव्हा वाटलं होतं हा जास्तच करून राहिला, नंतर पेपरात अशा बातम्या वाचल्या तेव्हा अंगावर काटा आला.

ज्वारीबद्दल जरा मन मोकळं करते. आमच्याकडे आता वावरात कपाशी नाहीतर सोयाबीन, कास्तकाराच्या घरात विकतची ज्वारी येते आणि जनावराला कडबा पण विकत. आमच्या ह्यांच्याशी भांडून मी अर्धा एकर ज्वारी ठेवते, डुकरं अर्धी खातात, तरी ठेवते. तुमच्या आईला विचारा, हरभऱ्याची कवळी भाजी खुडून सावलीत वाळवलेली, मुंगवड्या, आंबोशी, जवसाची चटणी, ही तयारी त्यांना येत असेलच. पावसाळ्यात चार दिवस भाजीवाला आला नाही तर वाळलेल्या हरभऱ्याच्या भाजीचा घोटा आणि भाकर, तुमचं पोरगं पुण्याचं पिझ्झा विसरेल याची गॅरंटी नाही, पण उपाशी राहणार नाही.

गावातलं अडकणं तुम्हाला शहरात कळत नाही म्हणून सांगते. गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटा नदी चढली की पुलावरून पाणी जायचं आणि पलीकडचे गावं तुटायचे, माझी बहीण तिकडं होती, ते लोक पावसाळ्याआधीच तांदूळ, मीठ, तेल भरून ठेवायचे. आपल्याकडे नदी लागत नाही, काळी माती पुरेशी आहे. दोन दिवस झड लागली की गाडीच्या चाकात आणि मडगार्डात अशी माती भरते की चाक फिरत नाही, काडीने खरवडत बसावं लागते, डांबरी रस्त्यापर्यंतचे ते दोन किलोमीटर बैलगाडीने नाहीतर ट्रॅक्टरने. म्हणून आईवडिलांच्या बीपी शुगरच्या गोळ्या नेहमी महिनाभर पुढच्या घरात पाहिजे, संपल्यावर आणू हा हिशोब इथं चालत नाही. लेकरासाठी ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आशाताईकडे मिळतात. ओआरएस नसलं तर 1 लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, आणि मिठाचा चमचा अंदाजाने घ्यायचा नाही.

सरपणाचं पण ऐका. गॅसचं दुसरं सिलेंडर भरलेलं ठेवा पण अंगणात एक चूल पण मांडा आणि आठवड्यातून एकदा तिच्यावर पाणी तापवा, नाहीतर पावसात पेटवायला बसाल तेव्हा धुराशिवाय काही निघणार नाही. पऱ्हाट्या, तुराट्या (कपाशीच्या, तुरीच्या वाळलेल्या काड्या) आणि गोवऱ्या पावसाआधी झाकून ठेवायच्या, पण घराच्या भिंतीला लावून नाही, दहापंधरा पावलं दूर. त्या ढिगात उंदीर येतात, उंदरामागे साप येते. आमच्याकडे नाग, मण्यार आणि घोणस (इथं परड म्हणतात) तिन्ही आहेत. मण्यार रात्री निघते, खाली झोपलेल्या माणसाला चावते आणि कित्येकदा कळत पण नाही, पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात आणि लोक म्हणतात अॅसिडिटी झाली. खाली झोपू नका, पलंगावर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि चप्पल. चावलाच तर दोरी आवळणं, कापणं, मांत्रिक काही नाही, हातपाय न हलवता सरळ दवाखाना, आणि सापाची लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात राहते हे गेल्या गेल्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन विचारून या. ते भिंतीवर लिहा.

आभाळातून पडणाऱ्या विजेसाठी मोबाईलवर दामिनी अॅप टाकून ठेवा, पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संस्थेने केलेलं आहे, आणि आभाळ भरून आलं की टीव्ही, राउटरचे प्लग काढायचे. घराच्या अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात वाळून कोरडा होते, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा.

तुम्ही होळीनंतर येताय ना, मग सामान लावायच्या आधी पत्र्याला पन्हाळ लावणारा मिस्त्री गाठा, 6 इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून बसवून देते, आणि टाकी अक्षय्य तृतीयेच्या आत बसवून घ्या. मृग लागला की तो मिस्त्री पेरणीला वावरात जाते, मग दसऱ्यापर्यंत फोन उचलत नाही.