खुब्याचा एक्स-रे आणि ‘ते आमच्याकडे येत नाही’

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाच वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी (सी.पी., म्हणजे मेंदूला लवकर झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), आधाराशिवाय बसता येत नाही, थेरपी नियमित चालू. गेले काही महिने डायपर बदलताना रडतो, आणि थेरपी केंद्रात सांगतात, ‘टोन (स्नायूंचा ताठरपणा) वाढलाय, स्ट्रेचिंग वाढवा.’ तुम्ही विचारलंय की स्ट्रेचिंग किती वेळ करायचं आणि केंद्र बदलू का. पण पोस्टच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की त्याचा एक गुडघा दुसऱ्यापेक्षा खाली दिसतो. मी उत्तर देतोय ते त्या ओळीला, कारण असा फरक खुबा सरकल्याची खूण असू शकतो.

आधी खुब्यांचा एक्स-रे काढून घ्या. स्ट्रेचिंगचं नंतर बघू.

मी डॉक्टर नाही, मोठ्या झालेल्या मुलीचा बाप आहे. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, कदाचित काहीच निघणार नाही, आणि तसं झालं तर मला आनंदच आहे. पण तुम्ही लिहिलेलं सगळं आमच्या घरात जसंच्या तसं घडलंय.

बहुतेक आईबापांना हे कुणी नीट सांगत नाही. सी.पी.च्या मुलाचा खुबा जन्मतः सहसा व्यवस्थित असतो. मग मांडीच्या आतले आणि पुढचे स्नायू सतत ओढत राहतात, मूल वेळेवर उभं राहत नाही, त्यामुळे खुब्याची वाटी खोल होत नाही आणि मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू बाहेर सरकतो. हे बऱ्याचदा गुपचूप होतं. दुखायला लागेपर्यंत सांधा बराच सरकलेला असू शकतो, म्हणून ‘दुखत नाही, मग कशाला एक्स-रे’ याला अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला 2006 सालचा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो: सी.पी.च्या साधारण 35 टक्के मुलांमध्ये खुबा सरकलेला आढळला. जीएमएफसीएस ही मुलाच्या हालचालींची क्षमता सांगणारी पाच पातळ्यांची मोजपट्टी आहे, पहिली सगळ्यात सौम्य; तिच्या पहिल्या पातळीत एकही नाही, पाचव्या पातळीत 90 टक्के. तुमच्या मुलाची पातळी कागदावर लिहिलेली नसेल तर विचारून लिहून घ्या. चौथी किंवा पाचवी असेल तर ठरावीक अंतराने एक्स-रे व्हायलाच हवा, लक्षणं असोत वा नसोत. स्वीडनच्या दक्षिण भागात 1994 पासून अशी पद्धतशीर तपासणी सुरू झाली आणि तिथे पूर्ण निखळलेले खुबे जवळजवळ दिसेनासे झाले. जादूचं औषध सापडलं म्हणून नाही, वेळेवर बघितलं म्हणून.

आमच्या बाबतीत वेळेवर कुणी बघितलं नाही. ज्या केंद्रात मुलगी अनेक वर्षं जात होती त्याचं नाव लिहीत नाही. थेरपिस्ट मनापासून काम करायचे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार व्यवस्थेबद्दल आहे. फिजिओ म्हणायचे एक्स-रे ऑर्थो सांगतील, ऑर्थो म्हणायचे थेरपीवाल्यांनी चिठ्ठी दिली तर बघू, न्यूरोवाले फक्त झटक्यांची औषधं लिहायचे. दर सहा महिन्यांनी छापील आढावा फॉर्म भरला जायचा. त्यात ‘हिप’ असा रकाना होता आणि समोर प्रत्येक वेळी एकच शब्द: ‘टाइट’. म्हणजे कुणीतरी पाय फाकवून बघितला, घट्ट वाटला, लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळलं. शेवटी दुसरीकडे एक्स-रेचा फोटो निघाला तेव्हा डावा गोळा अर्ध्याहून जास्त वाटीबाहेर होता. केंद्रात जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, ‘ते आमच्याकडे येत नाही.’ मग कुणाकडे येतं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. जुन्या नोंदींच्या प्रती मागितल्या तर अर्ज करा, अर्ज केला तर संबंधित व्यक्ती रजेवर. असो. यावर लिहायला बसलो तर पान संपेल.

लवकर कळलं असतं तर कदाचित स्नायू सैल करण्याच्या छोट्या शस्त्रक्रियेवर भागलं असतं. तिला मांडीचं हाड आणि वाटीजवळचं हाड दोन्ही कापून बसवायची मोठी शस्त्रक्रिया लागली.

आता फोटोबद्दल, कारण तोही चुकीचा निघू शकतो. दोन्ही खुबे एकाच फोटोत यायला हवेत, समोरून, मूल पाठीवर, गुडघ्याच्या वाट्या सरळ वर. कंबर तिरकी झाली किंवा एक पाय आत वळला तर आकडा बदलतो. पाय सरळ होत नसतील तर गुडघ्यांखाली आधार देऊन घेतात. तंत्रज्ञ घाईत असेल तर तुम्ही आत थांबा आणि सांगा. थांबणारी बाई गरोदर असेल तर मात्र दुसऱ्या कुणालातरी आत पाठवा. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ एवढंच आलं तर समाधान मानू नका. मायग्रेशन पर्सेंटेज (गोळा किती टक्के वाटीबाहेर आहे तो आकडा) किती, डावीकडे किती, उजवीकडे किती, हे लिहून मागा. 30 च्या पुढे गेलं तर मुलांच्या ऑर्थोला दाखवायचंच. शून्य नसलं म्हणून घाबरू नका, थोडं बाहेर असणं चालतं. मागच्या फोटोपेक्षा किती वाढलं हे महत्त्वाचं. म्हणून प्रत्येक फोटोची प्रत घरी ठेवा, केंद्राच्या भरवशावर राहू नका.

स्ट्रेचिंगबद्दल माझं मत काहींना आवडणार नाही. दिवसातून दोनदा हाताने ताणून सांधा मोकळा राहतो याला भक्कम पुरावा नाही, आणि खुबा सरकलेला असताना रडणाऱ्या मुलाचे पाय जोर लावून फाकवणं मला तरी धोक्याचं वाटतं. नीट आधार देणारी खुर्ची, उभं करणारी चौकट, आणि मुलाला स्वतःला जे करायचंय त्याचा सराव, यावर वेळ घालवावा. तुमच्या थेरपिस्टचं मत वेगळं असेल तर मुलाला बघून दिलेलं त्यांचं मत माझ्यापेक्षा वरचढ धरा.

टोन अचानक वाढला तर औषध वाढवण्याआधी पोट साफ होतंय का, दात किंवा कान दुखतोय का, स्प्लिंट (हातापायाला बांधायचा आधार) कुठे घासतोय का हे बघा. स्प्लिंट काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो दुरुस्तीला द्या.

तुमच्या पाठीबद्दल एकच वाक्य लिहिलंयत, ‘माझं चालायचंच’. ते चालणार नाही. मूल वाढणार, तुमचा मणका वाढणार नाही. डायपर जमिनीवर वाकून बदलत असाल तर आजपासून कमरेच्या उंचीच्या टेबलावर बदला, एक हात कायम मुलावर ठेवून. उचलायची पद्धत शिकवा असं ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्टला) स्पष्ट सांगा, हे त्यांचंच काम आहे. आमच्याकडे हे कुणी आपणहून शिकवलं नाही, बायकोची पाठ गेल्यावर विचारलं.

केंद्र बदलू का, या प्रश्नाला आत्ता उत्तर देत नाही. आधी त्यांना लेखी विचारा की खुब्यांवर लक्ष ठेवणं कुणाच्या नावावर आहे आणि पुढचा एक्स-रे कधी. उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आणि तारीख आली तर राहा. आणि बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) चालू असेल तर या सगळ्या धावपळीत त्याचा डोस चुकवू नका, स्वतःच्या मनाने अचानक बंद तर मुळीच करू नका.