पाइनच्या टेबलाचे सांधे भरपूर फेविकॉल लावूनही उन्हाळ्यात का सुटतात?

पॅकिंगच्या पाइन फळ्यांचं टेबल केलं, फेविकॉल सढळ हाताने लावलं, तरी मे महिन्यात पाय हलायला लागले. आता कोणता भारी गोंद घेऊ, असं तुम्ही विचारलंय. गोंद राहू द्या, सांधा बदला.

आडव्या पट्टीचं कापलेलं टोक तुम्ही पायाला नुसतं टेकवून चिकटवलंय. त्या टोकाशी लाकडाच्या बारीक नळ्या उघड्या असतात, त्या फेविकॉल ओढून घेतात आणि सांधा कोरडा पडतो. याउलट फळीची लांब कड दुसऱ्या फळीच्या लांब कडेला नीट जोडली, तर जोर दिल्यावर शेजारचं लाकूड फाटतं, सांधा सुटत नाही. म्हणून पट्टीला कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, काढा आणि पायात त्याच्या मापाची खाच. कुसू पट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. ते हाताच्या दाबानेच आत जायला हवं. हातोडी लागली तर गोंद खरवडून बाहेर येतो. ढिलं बसलं तरी उपयोग नाही, कारण फेविकॉल वाळताना आकसतं, फट भरत नाही.

त्यात आपला उन्हाळा. साधं पांढरं फेविकॉल तापलं की मऊ पडतं आणि भाराखाली हळूहळू सरकतं. टिनाच्या खोलीत दुपारी काय होतं ते विदर्भातल्या माणसाला काय सांगायचं! कुसवातून आरपार सागाची खुंटी ठोका. जुन्या घरांची सागवानी दारं आमच्याकडच्या वाढयांनी, म्हणजे सुतारांनी, कुसू-खुंटीवरच उभी केलीत.

फळ्या पावसात पडून होत्या का? मग आधी घरात, मधे काड्या घालून, काही आठवडे वाळू द्या. जोडायच्या दिवशीच रंधा मारा. राळेचे चिकट डाग थिनरने पुसा. काम सकाळीच उरका, दुपारी दाबेपर्यंत फेविकॉलवर साय धरते. शिकंजा नसेल तर दोरी बांधून काडीने पीळ द्या, पण बेताने. पाइन मऊ, चेपतं. सांध्याच्या कडेने बारीक थेंब दिसले की पुरे. तासभर दाब ठेवा, भार मात्र चोवीस तासांनी.

टेबल ओसरीत, ओलीत राहणार असेल तरच मरीन फेविकॉलचे जास्त पैसे घाला.

आणि सुटलेल्या सांध्यावरचं जुनं फेविकॉल पटाशीने लाकडापर्यंत खरवडून काढा. वाळलेल्या थरावर नवं धरत नाही.