रंगाचा डबा अजून उघडू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

फोटो पोचले. आजोबांचं पॅचर मशीन, म्हणजे बूट-बॅगा दुरुस्त करायचं शिलाई मशीन, तू माळ्यावरून खाली काढलंस, याचा फार आनंद झाला. पण काळा रंग आणून ठेवलायस हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तो डबा अजून उघडू नकोस.

आधी मशीन ओळखून घे. हे सिंगरचं २९-के. यातला 'के' म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना. तो १८८५ साली सुरू झाला आणि १९८० साली बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनाचं नाव आजही सिंगर आहे. कोल्हापुरी चपलेला हे मशीन लागत नाही, ती चामड्याच्याच वादीने हातानं शिवतात. हे गटईच्या दुकानातलं मशीन: उसवलेला बूट, तुटलेला बॅगेचा पट्टा. त्याचा लांब निमुळता हात बुटात आतपर्यंत जातो, आणि वरचा फूट, म्हणजे चामडं दाबून धरणारा पाय, गोल फिरतो, म्हणून बूट न वळवता हव्या त्या दिशेला टाका घालता येतो. चामडं पुढे सरकवणारे दाते खाली नाहीत. वरचा फूटच पाऊल टाकत चामडं ओढतो. हे नीट लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

आता तो काळा थर. तो डब्यातल्या रंगासारखा नाही. डांबराच्या जातीचा लेप देऊन भट्टीत भाजलेला आहे, त्यावर सोनेरी नक्षी चिकटवलेली, आणि नक्षीवर लाखेचा पातळ थर. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे कुठलाही फ्रेंच पॉलिशवाला सांगेल. मला ते पंचविसाव्या वर्षी कळलं, आणि तेही दुसऱ्याच्या मशीनवर. एका गटईवाल्या काकांचं मशीन चकचकीत करून द्यावं म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला, तर अर्धी सोनेरी अक्षरं बोळ्यावर आली. काका रागावले नाहीत. "वडिलांच्या वेळचं नाव होतं," एवढंच म्हणाले. ती जागा मी परत कधीच भरू शकलो नाही. म्हणून तुला सांगतो: स्पिरिट नको, थिनर नको, पाणीसुद्धा नको, पाण्यानं लाख पांढुरकी पडते. शिलाई मशीनचं तेल, जुना सुती कपडा आणि भरपूर वेळ. मळाखालून नक्षी वर येताना बघशील तेव्हा रंगवायची इच्छाच उरणार नाही.

चाक फिरत नाही म्हणतोस. ते बहुधा गंजामुळे नसेल, कुणीतरी खाण्याचं तेल घातलेलं असतं, ते वाळून डिंकासारखं होतं. केस वाळवायच्या यंत्रानं हळूहळू गरम कर. ते बंद करून बाजूला ठेवल्यावर, मशीन गार झाल्यावर, भोकाभोकांत रॉकेल सोड आणि रात्रभर थांब. हातोडी अजिबात नाही. स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घे. सिंगरच्या स्क्रूचे आटे त्यांचे स्वतःचे आहेत, एक बिघडला तर हार्डवेअरच्या दुकानात जोड मिळत नाही.

चाक फिरू लागलं की टाक्याची लांबी बघ. टाका बारीकच पडत असेल, तर फुटाला पाऊल टाकायला लावणारा लिव्हर झिजलेला असतो. बोटानं हलवून बघ, ढिला लागेल. मशीनच्या हाताच्या आतली दात्यांची पट्टी आणि गिअर झिजले की शटल, म्हणजे खालचा दोरा नेणारा भाग, वेळेवर पोचत नाही आणि टाके सुटतात. तुझे पैसे आधी इथे खर्च होऊ देत. रंग यानंतर.

काही ठिकाणी बीड, म्हणजे मशीनचं ओतीव लोखंड, उघडं पडून गंजलं असेल, तर रंगवावंच लागेल, त्यात कमीपणा नाही. फक्त तेवढाच भाग रंगव. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना मास्क लाव, वॉटर पेपर ओलाच वापर आणि घरातली लहान मुलं लांब ठेव. नक्षीचा भाग आधी झाकून टाक. तेलाची भोकं काडीनं बुजव, दांड्यांना टेप लाव, नंबर कोरलेली जागा सोड. बिडात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. ते नीट काढलं नाहीस तर नवा रंग पापुद्र्यासारखा सुटेल. खरखरीत बिडावर कारखान्यातही लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असायची, तू खरवडलीस तर परत भरावी लागेल. मग प्रायमर, मग पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच पुढचा. जाड हात दिलास तर ओघळ येतील.

सगळं जोडून झालं की टाचेच्या जाडीचं नको, मऊ चामड्याचे दोन तुकडे घे, चाक हातानंच फिरव आणि वीतभर शिव. तो तुकडा मला पाठव, खालची बाजू बघायची आहे.

तुझा काका