टॅटिंगमधील शोभेचे पिको

प्रश्न : खणाच्या पोलक्याच्या गळ्यासाठी मी टॅटिंगची (शटल या दोरा गुंडाळलेल्या छोट्या साधनाने गाठी घालून करायची) लेस करत आहे. नेहमीच्या पिकोंऐवजी (दोन गाठींमध्ये सोडलेल्या दोऱ्याच्या फासांऐवजी) लांब, पीळ दिलेले आणि मणी ओवलेले पिको घेऊन तिच्यात कोल्हापुरी साजाची झाक आणावी, असा विचार आहे. मात्र पिको एकसारखे येत नाहीत आणि रिंगमधले (दोरा ओढून गाठींच्या केलेल्या वर्तुळातले) मणी भलत्याच जागी बसतात. काय करावे? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी कोणते पिको जोडणीचे आणि कोणते निव्वळ शोभेचे, हे कागदावर काढून ठरवावे. जोडणीचे पिको आखूडच हवेत. ते लांबले की रिंगा सैल पडून गळ्याचा आकार बिघडतो. शोभेच्या पिकोंवर हवे ते प्रयोग करावेत. दोन गाठींमध्ये सोडलेला दोरा गाठी जवळ सरकवताच दुमडतो, त्यामुळे 10 मिलिमीटर अंतरातून 5 मिलिमीटर उंचीचा पिको मिळतो. हा अंदाज नजरेवर न सोडता पिकोच्या उंचीइतकी रुंद पुठ्ठ्याची पट्टी कापून तिच्यावरून दोरा घ्यावा. मधला पिको 8, त्याच्या दोन्ही बाजूंचे 6 आणि कडेचे 4 मिलिमीटर ठेवले, तर साजाच्या पानाचा डौल येईल.

मण्यांची अडचण बहुधा दोऱ्याच्या निवडीत आहे. रिंगमध्ये शटलचा दोरा गाठींच्या आत राहतो. पिको होतो तो डाव्या हाताभोवतीच्या फेऱ्याचा. म्हणून शटलवरच्या दोऱ्यात आधीच ओवलेल्या मण्यांपैकी त्या रिंगच्या पिकोंना लागणारे सगळे मणी पहिली गाठ घालण्यापूर्वीच फेऱ्यात सरकवून घ्यावेत, कारण मागे राहिलेला मणी नंतर पिकोवर आणता येत नाही. चेनच्या, म्हणजे गुंडीचा दोरा घेऊन केलेल्या गाठींच्या कमानीच्या, पिकोंसाठी मात्र मणी गुंडीच्या दोऱ्यात ओवावेत.

मोकळ्या पिकोतला साधा पीळ उलगडतो. तो टिकवायचा असेल, तर लांब पिको क्रोशाच्या सुईवर दोन-तीन वेळा फिरवून, पीळ हातचा न सोडता शेजारच्या रिंगला जोडावा; आखूड जोडणीच्या नियमाला एवढाच अपवाद.

प्रत्येक पिकोवर मणी घालण्याची हौस आम्हाला पटत नाही; लेस जड होऊन पोलक्याचा गळा ओढला जातो. काही ठिकाणी जोसेफाइन गाठ वापरून पाहावी. टॅटिंगच्या दोन भागांच्या गाठीचा केवळ पहिला अर्धा भाग आठ-दहा वेळा घालून रिंग हलकेच आवळली, की दोऱ्याचाच टपोरा मणी तयार होतो आणि तो इस्त्रीलाही आड येत नाही. खळ दिलेले पिकोसुद्धा कोल्हापूरच्या पावसाळी हवेत मऊ पडतात, तेव्हा 8 मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये आणि धुतल्यावर लांब पिको टाचण्यांनी ताणूनच वाळवावेत.