चारही कॉइल बदलण्याआधी दोन कॉइलची अदलाबदल करा

तुमची गाडी पेट्रोलवर ठीक चालते, पण सीएनजीवर फ्लायओव्हर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये झटके देते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०३०२ हा कोड येतो. गॅरेजवाले म्हणतात चारही कॉइल (प्रत्येक सिलिंडरच्या स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग) बदला, पेट्रोलचे इंजेक्टर साफ करून घ्या. एवढ्यात पैसे देऊ नका.

आधी दिव्याचं. तो नुसता पेटलेला असता तर दोन दिवस थांबता आलं असतं. लुकलुकतोय म्हणजे मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) इतकं आहे की न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जातंय आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून कायमचा निकामी होऊ शकतो. त्याच्यापुढे कॉइलची किंमत काहीच नाही. तोवर पेट्रोलवरच चालवा, चढावर गिअर वेळेत खाली घ्या.

कोडचा शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दुसऱ्यात मिसिंग आहे. बाकी तिघांवर कोड नाही, मग चारही कॉइल कशासाठी? सीएनजी पेटवायला ठिणगीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि कमी आरपीएमवर इंजिनावर लोड आला की आणखी जास्त. त्यामुळे अशक्त कॉइल किंवा झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि नेमका सीएनजीवर, चढावर उघडा पडतो. शिवाय सीएनजीचे इंजेक्टर वेगळे असतात. पेट्रोलवर कुरकुर नसताना पेट्रोलचे इंजेक्टर साफ करून काय साधणार?

आता खरी परीक्षा. इंजिन थंड, चावी काढलेली. कनेक्टरचं लॉक दाबूनच तो सोडवा, वायर ओढू नका. बोल्ट काढून कॉइल हलकेच फिरवत वर घ्या. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर बसवा, कोड पुसा आणि त्याच फ्लायओव्हरवर त्याच गिअरमध्ये सीएनजीवर थोडंसंच चालवा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइलच गेली आहे, एकच बदला. दोनवरच राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही हलला नाही तर दोन नंबरचा सीएनजी इंजेक्टर, मग टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायला सांगा. सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा) लवकर झिजतात, हे विसरू नका. जुन्या गाड्यांसारखी चालू इंजिनात प्लगची टोपी उपटून बघण्याची सवय काही मेकॅनिकना अजून आहे. तसं करू देऊ नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.

कॉइल हातात आली की टॉर्च मारून नीट बघा. तिच्या रबरी बूटच्या (प्लगवर बसणाऱ्या नळीच्या) आत आणि प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी त्या वाटेने बाहेरच पळतेय. मग बूट आणि प्लग दोन्ही बदलावे लागतात, नाहीतर एकावरची रेघ दुसऱ्याला नासवते. प्लगच्या खड्ड्यात तेल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. ते न बदलता नवी कॉइल टाकली तर तीही जाणार. गंज किंवा पाणी दिसलं तर मुंबईत हिंदमाता, मिलन सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी गेली होती का, की सर्व्हिसिंगला इंजिनावर प्रेशरने पाणी मारलं, ते आठवून बघा.

प्लगची गॅप (ठिणगी पडते ती फट) मॅन्युअलप्रमाणे फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी मोजा. ती वाढली की कॉइलला प्रत्येक ठिणगीला जास्त जोर लावावा लागतो, ती तापते आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. म्हणून जुन्या प्लगवर नवी कॉइल मी कधीच बसवू देत नाही; प्लग मात्र चारही एकदम बदला.

माल ऑपेरा हाऊसच्या स्पेअर मार्केटमधून घेणार असाल तर जुनी कॉइल सोबत न्या आणि पार्ट नंबर जुळवा. नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. कुर्ल्याची वापरलेली कॉइल स्वस्त मिळेल, पण गरम झाल्यावरच दगा देणारी कॉइल काउंटरवर ओळखता येत नाही.