पक्ष्यांच्या वेबसाइटवर घर चालेल का? डिचोलीच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

डिचोलीहून एका ताईंनी विचारलंय, त्यांचं थोडक्यात सांगते. पणजीला ऑफिसात नोकरी, हातात ३४,००० पगार, घरी आई, दोघींचा खर्च महिन्याला साधारण २४,०००. पक्ष्यांचं वेड लहानपणापासून, दीड वर्षापूर्वी गोव्यातल्या पक्ष्यांवर मराठीत वेबसाइट सुरू केली, त्यावर दुर्बिणी, पुस्तकं, कॅमेऱ्याच्या बॅगा वगैरेच्या अफिलिएट लिंक आहेत (त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की दुकान साइटवाल्याला कमिशन देतं) आणि "आता महिन्याला जवळजवळ ८,००० येतात". आता एक जण मिक्सर, एअर फ्रायर अशा किचनच्या वस्तूंची चालू वेबसाइट ३,५०,००० ला विकतोय, ती महिन्याला १४,००० देते असं तो म्हणतो. ४,२०,००० ची एफडी मोडून ती घ्यायची, नोकरी सोडायची आणि दोन्ही साइट फुल टाइम चालवायच्या, असा ताईंचा विचार.

ताई, आधी उत्तर सांगून टाकते. ती साइट घेऊ नका, नोकरी इतक्यात सोडू नका, आणि पक्ष्यांची साइट मात्र काही झालं तरी सोडू नका.

तुम्ही पाठवलेले बारा महिन्यांचे आकडे मी नीट बघितले. ८,००० हा तुमचा नोव्हेंबर आहे, ७,९००. ऑक्टोबर ५,२००, डिसेंबर ६,१००, म्हणजे तीन महिन्यांत १९,२०० आणि उरलेल्या नऊ महिन्यांत मिळून ११,८००, जुलैत तर ४५०. वर्षाचे ३१,०००, महिन्याला २,६०० सुद्धा नाहीत. यात तुमची काही चूक नाही हो, थंडीतले पाहुणे पक्षी यायला लागतात, लोक चोडणला, करमळीच्या तळ्यावर जायचं ठरवतात, त्याच सुमाराला दिवाळीचे सेल असतात, म्हणून दुर्बिणी तेव्हाच खपतात. पण घरभाडं आणि आईची औषधं जुलैतही लागतात, म्हणून हिशोब नेहमी बारा महिन्यांच्या सरासरीवर करायचा, चांगल्या महिन्यावर कधीच नाही.

आता या कमाईचं गणित कसं चालतं ते बघा. समजा १२,००० ची दुर्बीण आणि ५ टक्के कमिशन, म्हणजे एका विक्रीला ६००. घरखर्चाचे २४,००० काढायला महिन्याला ४० दुर्बिणी खपायला हव्यात. आणि अ‍ॅमेझॉनच्या प्रोग्रॅममध्ये तुमच्या लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तासांच्या आत माणसाने घेतलं तरच सहसा कमिशन धरतात. बारा हजाराची वस्तू कोण एका दिवसात घेतो? माणूस तुमचा लेख वाचतो, घरी विचारतो, पगाराची वाट बघतो आणि दहा दिवसांनी सरळ जाऊन घेतो, तेव्हा तुमच्या नावावर काहीच येत नाही. म्हणून या धंद्यात मेहनत आणि पैसा यांचा मेळ लगेच बसत नाही.

शिवाय कमिशन किती हे तुमच्या हातात नाहीच. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरचं कमिशन ८ टक्क्यांवरून थेट ३ वर आणलं, किराण्याचं ५ वरून १ वर. ज्यांचं घर त्यावर चालत होतं त्यांची कमाई एका फटक्यात अर्ध्याहून खाली गेली. तसंच सर्चचं, मार्च २०२४ मध्ये गुगलने सर्चमध्ये कुठली साइट वर दाखवायची ते ठरवायची पद्धत बदलली (गुगल अपडेट म्हणतात ते), त्यानंतर कितीतरी छोट्या रिव्ह्यू साइटचे वाचक गळाले, आणि आता तर बऱ्याच प्रश्नांना सर्चच्या पानावरच एआयचं तयार उत्तर येतं, मग साइट उघडायची गरजच राहत नाही.

आणि याचा सगळ्यात जास्त मार कोणाला बसतो माहितीये? तुम्ही विकत घ्यायला निघालात तसल्या साइटना. "बेस्ट मिक्सर टॉप टेन" हे कोणीही लिहू शकतं, मशीनही लिहितं. पण पावसाळा संपल्यावर चोडणच्या खाजणात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या दलदलीत, कुठल्या वाटेने जायचं, रायबंदरहून फेरीबोट घेतली तर उजेड कुठून येतो, बोंडल्याच्या रानात धनेश दिसला तर कुठल्या झाडावर आधी बघायचं, लाल गळ्याचा तो आपला राज्यपक्षी पिवळा बुलबुल आणि दुसरे बुलबुल यांत फरक कसा ओळखायचा, हे पहाटे उठून चिखल तुडवलेल्या माणसालाच लिहिता येतं. तुमचे खंड्यावरचे लेख मी वाचले, मला पक्ष्यांतलं काही कळत नाही तरी शेवटपर्यंत वाचले. जुलैत ४५० रुपये आले तरी तुम्ही त्या महिन्यात पाच लेख लिहिलेत. एअर फ्रायरसाठी लिहाल का? मला नाही वाटत. आवडीला मी भांडवल मानते ते याचसाठी, पैसे येत नसतात तेव्हाही काम चालू राहतं.

त्या साइटचा भाव तसा वेडावाकडा नाही, चालू साइट दोन-अडीच वर्षांच्या कमाईला विकतातच लोक. पण समजा पहिलं वर्ष १,६८,००० आले, दुसऱ्या वर्षी निम्मे, तिसऱ्या वर्षी त्याच्याही निम्मे, तर तीन वर्षांत २,९४,००० होतात, मुद्दलही परत नाही. तेच ३,५०,००० एफडीत साडेसहा टक्क्यांनी वर्षाला २२,७५० देतात आणि मुद्दल जागच्या जागी. शिवाय अफिलिएट खातं साइटबरोबर मिळत नाही, तुमचं स्वतःचं काढून सगळ्या लिंक बदलाव्या लागतील. आणि १४,००० चा पुरावा म्हणून त्याने फक्त स्क्रीनशॉट पाठवलेत, बँकेत जमा झालेल्या रकमा दाखवायला तो का तयार नाही हे तुम्ही विचारलं का?

नोकरीचं वेगळंच आहे. तुम्हाला सव्वाचार वर्षं झालीत. पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, तुमच्या १८,००० बेसिकवर १५ भागिले २६ गुणिले पाच वर्षं (दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिन्याचे २६ दिवस धरून), म्हणजे ५१,९०० च्या वर. आत्ता सोडलीत तर नऊ महिन्यांसाठी हे हातचं जाईल, दीड वर्षात साइटने जेवढं दिलं त्याहून जास्त! कंपनीचा मेडिक्लेमही जाईल. आईचं गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे ना बघा, लहान कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत कव्हर आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका, नोकरी सोडायच्या आधी स्वतःची पॉलिसी घेऊन ठेवा, जुन्या आजारांना वेटिंग पीरियड असतो, म्हणजे त्यांचा खर्च काही काळ मिळत नाही.

मग करायचं काय. आमच्या घरी कुळागर म्हणजे सुपारीची बाग आहे, सुपारी लागायला पाच-सहा वर्षं जातात म्हणून बाबांनी मधल्या जागेत केळी लावल्या, पोफळीवर मिरी चढवली. तुमच्या साइटवर आत्ता नुसती पोफळ आहे, म्हणजे सावकाश फळणाऱ्या लिंकच. हंगामात रविवारी पाच-सहा जणांना फी घेऊन पक्षी दाखवायला न्या (अभयारण्यात नेणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या), नवशिक्यांसाठी मराठीत छोटं ई-पुस्तक करा, वाचकांचे ईमेल जमवा म्हणजे सर्चवर सगळं अवलंबून राहणार नाही. यासाठी वर्षाला ४०,००० पर्यंत खर्च करा, तोही पगारातून, एफडीला हात नाही. ती एफडी म्हणजे तुमचा साडेसतरा महिन्यांचा घरखर्च आहे, साइटचं भांडवल नव्हे.

टॅक्सचं पटकन सांगते. कमिशनवर टीडीएस कापला जाऊ शकतो (ऑक्टोबर २०२४ पासून ५ ऐवजी २ टक्के), नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, त्यामुळे कापलेलं रिटर्न भरून परत मिळेल. पण हे धंद्याचं उत्पन्न आहे, आयटीआर-१ हा साधा फॉर्म भरू नका, आणि कमिशनला प्रिझम्प्टिव्ह स्कीम (खर्चाचा हिशोब न दाखवता कमाईचा ठरावीक भाग नफा धरायची सोय) चालत नाही तेव्हा होस्टिंग, डोमेन, प्रवासाची बिलं जपून ठेवा. अपॉइंटमेंट लेटरमध्ये बाहेरच्या कमाईबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. आणि लिंकच्या वरच "इथून घेतलंत तर मला कमिशन मिळतं" असं स्पष्ट मराठीत लिहा, तसं सांगणं नियमाने लागतंच आणि तुमचे वाचक तुमच्यावर विश्वास ठेवून पैसे खर्च करतात.

नोकरी कधी सोडायची? सलग बारा महिन्यांची सरासरी, खर्च वजा जाता, २४,००० च्या वर गेली आणि त्यातला अर्ध्याहून जास्त पैसा एकाच ठिकाणाहून येत नसेल, तेव्हा. त्याआधी ऑफिसात आठवड्यातून चार दिवस काम मिळतं का विचारा, पगार थोडा कमी झाला तरी तुमचं भागतं.

ऑक्टोबरला तुमची पाच वर्षं पूर्ण होतात आणि हंगामही तेव्हाच सुरू होतो. डिसेंबर संपला की पक्षी दाखवायच्या फेऱ्या, पुस्तक आणि लिंक असे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून पाठवा, आपण पुन्हा बसून हिशोब करू. त्या विकणाऱ्याला मात्र या आठवड्यातच नाही म्हणून कळवा, टोकन वगैरे काही देऊ नका.